तेवढाच पिराजीची लेक

राजाजीनगरातल्या त्या गल्लीत महानंदाची एक ख्याती आहे. तिनं पुरणपोळी खायला या म्हटलं, तर पुरणपोळीच मिळते. कटाच्या आमटीबद्दल ती आधी बोलली नसेल, तर आमटीची आशा धरून जायचं नाही. पण पुरणपोळी मात्र मिळणार, मग त्या दिवशी घरातला गॅस संपो, नाहीतर नळाचं पाणी जावो. शेजारच्या रत्नाबाईंचं घराणं चारशे वर्षांपासून बंगळुरात आहे आणि त्यांच्या मराठीत आता निम्मं कन्नड मुरलेलं आहे; 'बरं'ला त्या 'सरी' म्हणतात. त्या म्हणतात, "आमची महानंदक्का स्वल्पच बोलते. पण बोलली की सरी, मग दुसऱ्या कुणाला विचारायचं कामच नाही."

ही सवय तिला नोकरीनं लागली असं ऑफिसातल्या लोकांना वाटतं. महानंदा राज्याच्या अर्थ खात्यात अवर सचिव आहे, आणि तिच्याकडे काम आहे हमीचं. कुठलंसं महामंडळ कर्ज काढतं, बँक म्हणते मागे कोण आहे, तेव्हा सरकार उभं राहून सांगतं की यांनी नाही फेडलं तर मी आहे. ते 'मी आहे' म्हणण्याआधी सरकारनं दहा वेळा विचार करावा, म्हणून महानंदाला पगार मिळतो. दहा वेळा विचार करणारं माणूस कुणालाच आवडत नाही. तिच्या टेबलावर फाईल गेली की लोक कपाळाला हात लावतात, हे तिला ठाऊक आहे आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नाही.

खरं तर ही सवय नोकरीच्या फार आधीची. महानंदा निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि भांडणात जी आधी तोंडाला येईल ती. तिचे वडील पिराजी गुऱ्हाळावर गुळवे होते. कढईतला रस कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. त्यांच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं आणि त्या मैदानाला एक रीत होती. पहिली कुस्ती लागण्याआधी कुणीतरी जामीन म्हणून आखाड्यात उतरायचं, मूठभर तांबडी माती हातात घ्यायची आणि आपण काय अंगावर घेतो आहोत ते साऱ्या गावासमोर मोठ्यानं सांगायचं. बाहेरगावच्या पैलवानांचं खाणंपिणं, राहणं, इनाम, सगळं त्या बोलण्यावर चालायचं. बाकीचे जामीन "हाय की मी" म्हणून मिशीला पीळ देत बाहेर यायचे. पिराजी मात्र म्हणायचे, "पाव्हण्या पैलवानांचं दोन दिसांचं जेवान माझ्याकडं. तेवढंच. फुडचं गावानं बगावं."

गाव पोट धरून हसायचं. जामीन राहतो आणि वर कुंपणही घालतो, हा कसला मर्द गडी. त्यांचं नावच पडलं तेवढाच पिराजी. शाळेत महानंदाला मुली 'तेवढाचची पोरगी' म्हणायच्या. डब्यातली भाकरी कुणाला दिली, की "तेवढंच का गं?" म्हणून खिदळायच्या. नववीत असताना तिनं रडून बापाला सांगितलं होतं की यंदा तेवढा शब्द गाळा. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या वर्षी आखाड्यात उतरलाच नाही.

त्या वर्षी उतरले प्रतापराव. उसाच्या वाहतुकीचे त्यांचे ट्रक होते आणि बोलण्याला कधीच ब्रेक नव्हता. त्यांनी मूठभर नाही, ओंजळभर माती उचलली आणि म्हणाले, सगळं माझं, कुणी कशाची फिकीर करायची नाही. हलगी कडाडली, लोकांनी फेटे उडवले. आणि मग खरोखरच कुणी कशाची फिकीर केली नाही. दरसाल दूध घालणारा म्हणाला, सगळं त्यांचं आहे ना. भाकरी भाजून देणाऱ्या बायका मैदान बघायला आल्या. शाळेच्या खोल्या उघडायच्या होत्या, त्याची किल्ली घेऊन मास्तर सासुरवाडीला गेले. प्रतापरावांचं नाव ऐकून पैलवान मात्र दुपटीनं आले. ते बघून दुपारीच प्रतापरावांच्या पोटात कळ आली आणि ते कोल्हापूरला बहिणीकडे औषधाला म्हणून जे गेले, ते जत्रा पांगल्यावरच परतले.

संध्याकाळी ते दांडगे गडी मैदानाच्या कडेला उपाशी बसलेले महानंदानं पाहिले. गाव एकमेकांकडे बघत होतं. मग पिराजी गुऱ्हाळातली मोठी कढई घेऊन आले, भात शिजवला, आणि मूठभर माती उचलून म्हणाले, "आजचं रातचं जेवान माझं. तेवढंच. सकाळचं कोन बगतंय?" आधी एक हात वर झाला, मग दुसरा. कुणी भाकऱ्या म्हणालं, कुणी दूध, कुणी ओसरी. भाताची पाटी डोक्यावर घेतलेल्या महानंदाला त्या दिवशी कळलं की बापाची हद्द दिसली, म्हणून बाकीच्यांना आपली वाट दिसली. जो सगळं माझं म्हणतो, त्याच्याभोवती सगळे हात बांधून बसतात. तिनं त्यानंतर बापाला कधी काही गाळायला सांगितलं नाही.

आता पुढची गोष्ट बंगळुराची. गेल्या वर्षी इथे एक जागतिक जलक्रीडा स्पर्धा भरवायचं घाटत होतं. पोहणं, उड्या, वॉटरपोलो, सगळ्या देशांचे संघ. शहरातल्या बड्या मंडळींची एक आयोजन समिती झाली. तिला स्पर्धा मिळायची तर जागतिक संघटनेची एक अट होती. यजमान सरकारनं हमी लिहून द्यायची की स्पर्धेत तोटा आला, तर तो कितीही असो, सरकार भरेल. कितीही. त्या शब्दापाशी कुणी थांबलं नाही, कारण समितीनं जोडलेले फोटो फार सुंदर होते. फाईल महानंदाच्या टेबलावर आली.

आणि नेमकं हेच घरातही चाललेलं होतं. महानंदाची मुलगी अक्षरा वॉटरपोलो खेळते. पाण्यातला हँडबॉल म्हणा. खोल पाण्यात पाय न टेकता तासभर तरंगायचं आणि चेंडूसाठी मारामारी करायची. अक्षरा गोलरक्षक. गोलरक्षकाची टोपी लाल असते, आणि ती लाल टोपी तिनं शाळेत असल्यापासून चढवलेली आहे. भल्या पहाटे उठून तलावावर जाणं, क्लोरीननं केसांची दोरखंडं होणं, खांद्याची दुखणी, सगळं तिनं हसत काढलं. देशाच्या संघात तिची जागा पक्की होती. पण आपला मुलींचा संघ जगात एवढा मागे की पात्रता फेऱ्यांतून आत जाणं या जन्मी शक्य नव्हतं. एकच दार होतं. यजमान देशाच्या संघाला थेट प्रवेश मिळतो. स्पर्धा बंगळुरात आली तर अक्षरा जगासमोर गोलात उभी राहणार, नाही आली तर नाही. तिचं वय तेवीस, दुखरा खांदा डावा, आणि पुढच्या खेपेपर्यंत तो टिकणार नव्हता.

महानंदानं पहिल्याच दिवशी खात्याचे सचिव श्रीहर्ष यांची केबिन गाठली आणि सांगितलं की माझी मुलगी त्या संघात आहे, ही फाईल दुसऱ्या कुणाला द्या. श्रीहर्ष म्हैसूरकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "हमीचं काम तुमच्याइतकं इथे कुणी केलेलं नाही. तुम्ही द्या म्हणालात, तर मी तुमचं ऐकणार नाही, दुसऱ्याकडून तपासून घेईन. देऊ नका म्हणालात, तर तुमच्यावर संशय घेणारा मूर्खच असेल. लिहा." अशा रीतीनं तिची सुटका तिच्या खरेपणामुळेच हुकली.

फाईलबद्दल घरी बोलायचं नाही हा तिचा शिरस्ता. त्यामुळे जेवताना अक्षरा उत्साहानं सांगायची की आनेकलच्या बाजूला खास वॉटरपोलोसाठी नवा खोल तलाव होणार, प्रेक्षकांना काचेतून पाण्याखालचंही दिसणार, आणि महानंदा भाजी वाढत राहायची. तिचा नवरा मकरंद पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तो म्हणायचा, "अगं, फायनान्सवाले लास्ट मोमेंटला काडी घालतात, तुझ्या आईला विचार." अक्षरा आईकडे बघायची. आई म्हणायची, ताक घे.

ताक वाढणाऱ्या त्या बाईला सगळं माहीत होतं. तिनं समितीचा सगळा खर्च तुकड्या-तुकड्यांनी पारखला होता. बाकीच्या गोष्टींचा अंदाज लागत होता. वॉटरपोलोच्या जागतिक मापात बसत नसले, तरी बाकीच्या खेळांना शहरातले जुने तलाव दुरुस्त करून चालणार होते, बसगाड्या होत्या, पोलीस होते. एकच गोष्ट कुठल्या अंदाजात बसेना, आणि ती म्हणजे आनेकलकडचा नवा तलाव. खाली खडक, पाणी टँकरचं, आणि स्पर्धेनंतर तो चालवणार कोण याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. दर महिन्याला त्याचा खर्च फुगून यायचा. राज्यानं एकूण किती हमी द्यावी, याला कायद्यानं मर्यादा आहे, आणि आकडाच नसलेली हमी त्या मर्यादेत बसवायची तरी कशी? हमीला हद्द घालायची, तर सगळ्यात आधी तो तलाव जाणार आणि तलावाबरोबर वॉटरपोलो जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. ज्या तलावात आपली मुलगी उभी राहणार, तो आपल्याच हातानं बुजवायचा होता.

डोळे मिटून सही केली असती, तर कुणी तिला बोललं नसतं. उलट हारतुरे मिळाले असते. एक दिवस ती ऑफिसातून पायी निघाली आणि कब्बन पार्कात एका बाकावर बसून मनसोक्त रडली, डोळे पुसले, आणि परत जाऊन लिहिलं. हमी द्यावी, पण अमुक रकमेपर्यंत. नवा तलाव हमीच्या बाहेर. आणि हद्दीच्या पुढचं कोण कोण उचलणार, ते आधी सांगावं.

मग बैठक बसली. समितीचे अध्यक्ष मोठे हॉटेलवाले. ते म्हणाले की जगासमोर अशी मापून हमी दिली तर राज्याची शोभा होईल, मोठी कामं मोठ्या मनानं करायची असतात. महानंदानं त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. ती भाषण करणारी नव्हेच. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, सरकारनं सगळं माझं म्हटलं, तर त्या आठवड्यात तुमच्या खोल्यांचे दर काय असतील?" अध्यक्ष हसले आणि म्हणाले, बाजार ठरवेल तेच. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. सगळं सरकारचं असलं, की दुसऱ्या कुणाला हिशेब करायची गरजच उरत नाही. आम्ही आमची हद्द सांगितली. आता तुमची सांगा."

श्रीहर्षांनी तेवढ्यात कॉफी मागवली, ते बरं झालं. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं कॉफी पीत पीत नेहमीच्या दरानं खोल्या द्यायचं कबूल केलं. पुढच्या काही आठवड्यांत बाकीचेही पुढे आले. पोहण्याच्या क्लबांनी आपले तलाव देऊ केले, केंद्रानं बंदोबस्ताचा भार घेतला, प्रायोजक मिळाले. जागतिक संघटना आधी रुसली, मग वाटाघाटीला बसली, आणि शेवटी हद्द घातलेली हमी तिनं मान्य केली. स्पर्धा बंगळुराला मिळाली. पोहणं आणि उड्या इथे. वॉटरपोलो मात्र, खास तलाव नसल्यामुळे, दुसऱ्या देशाला गेला.

ती बातमी अक्षरानं सकाळी चहाच्या टेबलावर वाचली. तिनं पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "आई, फाईल तुझ्याकडे होती?"

"होती."

"तलाव गेला की मी जाणार, हे तुला माहीत होतं?"

"होतं," महानंदा म्हणाली. "पहिल्यापासून."

अक्षरानं चहाचा कप दूर सारला. उठली, आपली पिशवी उचलली आणि निघून गेली. त्यानंतर घरात जो अबोला सुरू झाला, तो मकरंदच्या विनोदांनाही बधला नाही. तो बिचारा दोघींच्या मध्ये बसून "गाइज, मीठ पास करा" म्हणायचा आणि मीठ त्यालाच उठून घ्यावं लागायचं. महानंदानं सफाई दिली नाही. राज्याच्या तिजोरीवर व्याख्यान दिलं असतं तर ते खरंच ठरलं असतं, आणि पोरीच्या जखमेवर मीठच झालं असतं. रत्नाबाई चिरोटे घेऊन यायच्या, एक चिरोटा अक्षराच्या खोलीत, एक महानंदाच्या हातात, आणि सरी सरी म्हणत निघून जायच्या.

एक दिवस अक्षरा कुणाला न सांगता निपाणीची बस पकडून आजोबांकडे गेली. पिराजी आता ऐंशीच्या पुढे, ओसरीवर बसून असतात. आठवडाभर ती तिकडे राहिली. आजोबांनी तिला काय सांगितलं, हे तिनं घरी आल्यावर सांगितलं नाही. आईशी बोलली फक्त एवढंच की आजोबांनी गूळ दिलाय, डब्यात ठेवला आहे. पण बोलली.

मग एका रविवारी सकाळी तिनं आईला तलावावर यायला सांगितलं. राजाजीनगरजवळचा तिचा नेहमीचा तलाव, जुन्या फरश्यांचा. तिथे तिच्या संघातल्या मुली आणि त्यांचे आईवडील जमले होते, रत्नाबाईही होत्या. अक्षराच्या डोक्यात एक गोष्ट शिजली होती. केरळच्या, बंगालच्या, महाराष्ट्राच्या, तिच्यासारख्याच दार बंद झालेल्या मुलींना बोलावून इथेच एक स्पर्धा घ्यायची. क्लब तलाव द्यायला तयार होता, पण पाहुण्या मुलींची जबाबदारी कोण घेणार, असं त्यांनी विचारलं होतं. अक्षरानं ते सगळ्यांसमोर मांडलं. एक गृहस्थ लगेच म्हणाले, त्यात काय एवढं, आपण सगळे मिळून बघून घेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळ्यांनी आपापल्या घड्याळांकडे पाहिलं.

अक्षरानं आईकडे पाहिलं. मग जवळ येऊन आपली लाल टोपी तिच्या हातात ठेवली. टोपी ओली होती.

"माती नाहीये इथे," ती म्हणाली. "ही धर, आणि बोल."

अर्थ खात्यातल्या बाईला एवढ्या लोकांसमोर उभं राहायची सवय नव्हती, आणि शाळेतल्या त्या मुलींचं खिदळणं अजून कुठेतरी कानात होतं. तिनं टोपी घट्ट धरली आणि सगळ्यांना कळेल अशा कन्नडमध्ये मोठ्यानं सांगितलं, "पाहुण्या मुलींचं सकाळ-संध्याकाळचं जेवण स्पर्धा संपेपर्यंत माझ्या घरी. तेवढंच. पुढचं तुम्ही बघा."

कुणी हसलं नाही. रत्नाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या आणि म्हणाल्या की झोपायला आमचा वरचा मजला आहे, पण गाद्या नाहीत, तेवढंच. गाद्या आमच्याकडून, मागून एक आई म्हणाली. बघून घेऊ म्हणणाऱ्या गृहस्थांनी खाकरून सांगितलं की स्टेशनवरून आणायला त्यांची व्हॅन, पण फक्त आणायला आणि सोडायला. कुणी पंचांचं बघतो म्हणालं, कुणी औषधपाण्याचं. ज्यांनी हात वर केला नव्हता, त्यांना आता हात खाली ठेवायची लाज वाटू लागली.

अक्षरानं आईच्या हातातून टोपी परत घेतली, डोक्यावर चढवली आणि हनुवटीखाली दोऱ्या बांधल्या. मुलींचा सराव खोळंबला होता. तलावाच्या काठावर उभी राहून तिनं आपल्या संघाला हाक मारली.

"गोल माझ्याकडं. तेवढंच. पुढचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि तिनं पाण्यात उडी घेतली.

महानंदा तिथेच फरशीवर बसली आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडली. याबद्दल मात्र तिनं आधी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.